घेरियाचा टॉम

सोसायटीच्या डिझेलवहीत नावं लिहिणं, हे माझं काम.
नाव, होडीचा नंबर, लिटर, सही.
सही येत नसेल तर अंगठा.
त्या वहीवरच ठेवून वाचलं मेरीलँडचं पत्र.
ओडेसा ग्रेव्ज, निवृत्त नर्स, वय एकाहत्तर,
आईच्या आईच्या मागे मागे जात
नवव्या पिढीवर येऊन थांबलीय. तिथे
एकच ओळ: ‘टॉम, ईस्ट इंडियाचा, गेरिया बंदरातला.’
हे गेरिया कुठे आहे, विचारते.

गेरिया म्हणजे घेरिया, म्हणजे विजयदुर्ग.
मी बसतो तिथून बुरूज दिसतो,
बर्फाचा टेम्पो मधे उभा नसला तर.

सोबत एका जाहिरातीची झेरॉक्स.
हरवलेल्या रेड्याची दवंडी पिटावी तशी
पळालेल्या माणसाची.
‘बुटका, सावळा, केस सरळ,
दोन्ही कान वरच्या पाळीला टोचलेले,
अंगात निळं जाडंभरडं कुडतं.
बोलणं तुटक. होडी उत्तम हाकतो.
पाण्याच्या कडेकडेने शोधावा.’
आणून देईल त्याला दोन मोहरा.

होडी उत्तम हाकतो, हे मी चारदा वाचलं.
गावातल्या कुणाबद्दल छापून आलेलं
एवढं चांगलं काही मी पाहिलेलं नाही.

पुढचं बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.
धरला. तंबाखूच्या शेतावर परत नेला.
सात वर्षांच्या करारात दोन वाढवली.
मग मार्गारेट नावाची सूत कातणारी मोलकरीण,
मग तीन मुलं, तिन्ही
एकतिसाव्या वर्षापर्यंत धन्याकडे बांधलेली.
थोरल्या मुलीचं नाव वाचता येत नाही,
कागद तिथेच दुमडलेला होता.

आमच्याकडे दुमडायलाही कागद नाही.
नाशिकच्या उपाध्यांच्या बाडात कोयंडे सापडले,
पाचव्या पिढीशी शाई संपली.
आमच्याकडे आहे ते एक पान, केळीचं.
सर्वपित्रीला सगळी पानं वाढून झाली की
आणखी एक, मागल्या दारी खडकावर,
वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, चमचाभर खीर.
दर्यात गेलेल्याचं, एवढंच म्हणतात.
त्या पानासाठी कावळ्याची वाट बघत नाहीत,
भरतीची बघतात.

यंदा रवळूतात्याला म्हटलं,
नाव घेऊया का? मिळालंय. टॉम.
तात्या जाळं सांधत होता. सुई थांबली नाही.
‘ता नाव तेच्या धन्याचा.
आमी तेका बिननावाचो वाढतंव,
तसोच वाढतलंव.’
मग बऱ्याच वेळाने, दात लावून दोरा तोडत:
‘पोरांची नावा काय म्हणालंस?’

शेवटी एक चिटोरं राहिलं होतं पाकिटात.
करारावर त्याने सहीच्या जागी काढलेली खूण,
बाईंनी गिरवून पाठवलेली.
उभी रेघ, तिच्यावर दोन आडव्या, खाली टिंब.
मी ती घेऊन मांगरात गेलो.
आमच्या प्रत्येक वल्ह्यावर कोरतात तशी खूण,
कुणी शिकवली कुणालाच माहीत नाही.
वल्हं उजेडाला धरलं,
बोटाने मीठ खरवडलं.

उत्तर लिहायला आठ दिवस लागले.
लिहिलं की बंदर हेच. कान टोचायची रीत होती.
लिहिलं की तो आमचा, असं मी म्हणणार नाही;
या किनाऱ्यावर रेघा सगळेच ओढतात.
तुमचे पाय कसे आहेत ते कळवा,
इथून जेटीवर उतरायला बावीस पायऱ्या आहेत.
आणि खूण जुळते, जवळजवळ.
आमच्या वल्ह्यावर आडव्या रेघा तीन.
एक त्याची वाटेत पडली असेल,
किंवा तो गेल्यावर
इथे कुणीतरी वाढवली असेल.